चाहूल पाहिजे आहे

मराठीत ‘चाहूल’ नावाचा एक फार सोयीचा शब्द आहे. येणारा माणूस दिसायच्या आधी त्याच्या येण्याचा जो पुरावा आपल्या कानापर्यंत पोचतो, त्याला चाहूल म्हणतात. जिन्यावर चपला वाजतात, फाटकाची कडी वाजते, अंगणात कोणीतरी उगाचच खाकरते. घरातला पुरुष लगबगीने सदरा चढवतो आणि आत चहाचे आधण पडते. जगातल्या बहुतेक सभ्य गोष्टींना चाहूल असते. पावसाला असते, उन्हाळ्याला असते, लग्नसराईला तर दोन महिने आधीपासून असते. नसते ती फक्त मांजराला आणि आमच्या बँकेत इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांना. गेल्या काही वर्षांत या यादीत एका तिसऱ्या प्राण्याची भर पडली आहे. तो म्हणजे विजेवर चालणारी गाडी.

माझी नोकरी नांदेडला आणि घर लातूरला. त्यामुळे दोन्ही गावांतले रस्ते मी सारख्याच भक्तिभावाने ओलांडत असतो. या अनुभवातून माझा एक सिद्धांत तयार झाला आहे. आमच्याकडे रस्ता डोळ्यांनी ओलांडत नाहीत, कानांनी ओलांडतात. डोळ्यांना इतर कामे असतात. दुकानांच्या पाट्या वाचायच्या असतात, भाजीचा भाव लांबूनच हेरायचा असतो, ज्यांच्याकडून पैसे येणे आहेत त्यांना गाठायचे असते आणि ज्यांना देणे आहेत त्यांना चुकवायचे असते. रस्ता ओलांडण्याचे खाते कानांकडे. फट्फट् वाजले की बुलेट, घर्रघर्र आली की टमटम, आणि सगळ्या खिडक्या एकदम खुळखुळल्या की एसटी. वजिराबादेतला अस्सल नांदेडकर मान न वळवता, पान चघळत, मागून काय येते आहे ते सांगू शकतो. त्याचे मॉडेलही सांगेल.

लातूरकराचे कान तर आणखी तयार असतात, कारण त्याच्या नशिबी गंजगोलाई आहे. १९१७ साली उभी राहिलेली ही गोल बाजारपेठ फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखली. मधोमध देवीचे मंदिर आणि भोवती येऊन मिळणारे तब्बल १६ रस्ते. आता सोळा रस्त्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचे तर देवीइतके हात नाही, पण डोळे तरी हवेत. आपल्याला दोनच मिळाले, आणि तेही एकाच बाजूला. कान मात्र चहूकडचे ऐकतात. म्हणून लातूरकर गोलाईत कानांच्या भरवशावर फिरतो आणि संध्याकाळी गुळाच्या ढेपेसकट सुखरूप घरी पोचतो.

अशा गावात न वाजणारी गाडी आली म्हणजे काय होईल? विजेच्या गाडीला इंजिन नाही. पोटात पेट्रोलचे स्फोट होत नाहीत, त्यामुळे धुराडे नाही आणि गुरगुरणेही नाही. ती ताशी तीसच्या पुढे पळू लागली की टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज आपोआप होतो, मग ती इतर गाड्यांसारखीच ऐकू येते. पण हळू चालताना ती जवळजवळ गप्प असते. म्हणजे गंमत अशी की, मोकळ्या हमरस्त्यावर, जिथे कोणी चालत नाही, तिथे ती वाजते आणि गल्लीबोळात, जिथे म्हातारेकोतारे, पोरेबाळे आणि शेळ्या रस्त्यात असतात, तिथे ती मौनव्रत धरते.

मी बी.कॉम. झालेला मनुष्य. इतिहास माझा शाळेतच सुटला. पण कॉमर्सने एक गोष्ट मनावर कोरून ठेवली आहे : कुठेतरी जमा झाले की कुठेतरी नावे पडलेच पाहिजे. शांतता जमा झाली, तर नावे काय पडले? हे बघायला आवाजाचे जुने खाते काढावे लागले. खातेवही फारच जुनी निघाली.

पहिल्या पानावर बैल आहे. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ ही केवळ पोळ्याची हौस नव्हे. रात्रीच्या अंधारात, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात जाणारी गाडी समोरच्याला कळावी, ही त्यातली सोय. शिवाय वंगण नसलेल्या आसाची कुरकुर होतीच. डाक घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरू बांधलेले असत. ते ऐकून माणसे वाट देत, आणि रानातली जनावरेही. राजेरजवाड्यांचे प्रकरण वेगळे. त्यांच्या पालखीपुढे भालदार-चोपदार ललकारी देत चालायचे. माणसालाच हॉर्न म्हणून नोकरीला ठेवायची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

साहेबाच्या देशात हीच कल्पना कायद्याच्या पुस्तकात आली. १८६५ साली इंग्लंडमध्ये असा कायदा झाला की, रस्त्यावरून वाफेची गाडी जाणार असेल तर तिच्यापुढे ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे. गावात गाडीचा वेग ताशी २ मैल, गावाबाहेर ४ मैल. म्हणजे गाडीत बसलेला माणूस आणि निशाणवाला दोघे एकाच वेळी पोचणार, फक्त निशाणवाल्याचा व्यायाम होणार. पुढे हे नियम सैल होत गेले आणि १८९६ मध्ये पुढे माणूस चालवण्याची अट साफ गेली.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने पायी माणूस मरण्याची इंग्लंडमधली ती पहिली नोंद. चौकशीत चालकाने सांगितले की, मी घंटा वाजवली होती, ओरडलोही होतो आणि गाडी ताशी ४ मैलांनीच चालली होती. घंटा वाजवली की आपली जबाबदारी संपली, हा चालकवर्गाचा युक्तिवाद इतका जुना आहे. आमच्याकडे तो आजही तितक्याच ताजेपणाने केला जातो.

आता वाचकांना वाटेल, विजेच्या गाडीचा यात काय संबंध? संबंध असा की, ती आज आलेली पाहुणी नाहीच. ती मोठ्या बहिणीसारखी आधीच घरात होती. १८९७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर बर्सी नावाच्या इंजिनिअरने विजेच्या भाड्याच्या गाड्या सोडल्या. काळ्यापिवळ्या रंगाच्या त्या गाड्या चालताना बारीक गुणगुणत, म्हणून लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणू लागले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला यांपैकीच एका गाडीचा चालक जॉर्ज स्मिथ हा गाडी घेऊन थेट एका इमारतीवर धडकला. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल दंड झालेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव इतिहासात आहे. तेव्हा विजेची गाडी प्रदूषण करत नाही हे खरे असले, तरी चालकाचे काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

अमेरिकेत १९०० साली ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांत १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पेट्रोलची गाडी त्या वेळी धूर सोडणारी, हादरणारी आणि हात मोडेपर्यंत हँडल मारायला लावणारी होती. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ मध्ये बटन दाबून सुरू होणारे इंजिन आले आणि बिचारी गुणगुणणारी बहीण माहेरी परत गेली. रस्ता गोंगाट करणारीच्या ताब्यात आला.

पण नुसत्या इंजिनाच्या आवाजाने चालकांचे समाधान होईना. १९०८ मध्ये मिलर रीझ हचिसन या अमेरिकन गृहस्थाने ‘क्लॅक्सन’ हॉर्नचे पेटंट घेतले. दाबला की पत्र्यावर करवत फिरवल्यासारखी किंकाळी निघायची. याच हचिसनने त्याआधी बहिऱ्यांसाठी ऐकण्याचे विजेवर चालणारे यंत्र काढले होते. माणसे बहिरी व्हावीत आणि आपली यंत्रे खपावीत म्हणून यांनी हॉर्न काढला, अशी थट्टा मार्क ट्वेनने केल्याचे सांगतात. थट्टा असो वा नसो, एक बँकवाला म्हणून या व्यवसायनीतीला मी मनोमन नमस्कार करतो. आधी कर्ज देणे आणि मग त्याच्या हप्त्यासाठी दुसरे कर्ज देणे, हे आम्हांलाही जमते; पण इतक्या सफाईने नाही.

आमच्या मराठवाड्यापर्यंत ही प्रगती निजामाच्या राजवटीत पोचली. हैदराबाद संस्थानात १९३२ च्या जूनमध्ये रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढे संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि आमच्या वाट्याला लाल एसटी आली. टांग्याचे ‘बाजू… बाजू…’ मागे पडत गेले. मग रबरी भोंग्याचा ‘पों पों’ आला, मग विजेचा हॉर्न, आणि मग ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’. म्हणजे वाजवा म्हणून विनंती, तीही लेखी! २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ट्रकवरच्या या तीन शब्दांवर बंदी घातली. शब्द बरेच कमी झाले. हॉर्न वाजवणाऱ्यांना मात्र हे शब्द तोपर्यंत पाठ झाले होते.

कायदा गप्प बसला होता असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला नितीन गडकरींनी सांगितले होते की, हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी अशा भारतीय वाद्यांचेच सूर असावेत, असा कायदा करण्याचा विचार आहे. (व्हायोलिन भारतीय कधी झाले, हे विचारू नये. बटाटाही आपलाच आहे.) ही बातमी वाचून आमची सौ. म्हणाली, “अहो, वर्कशॉप कॉर्नरला सिग्नल सुटला की मग मैफलच म्हणायची!” मी म्हटले, “मैफलीत एक तरी माणूस ऐकणारा लागतो. इथं सगळेच वाजवणारे.”

तर अशा गोंगाटाच्या काळात ती माहेरी गेलेली बहीण परत आली. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची ‘प्रियस’ निघाली. ती निम्मी पेट्रोलवर, निम्मी विजेवर. हळू चालताना इंजिन बंद. शंभर वर्षे इंजिनिअर मंडळी गाडीचा आवाज कमी करायला झटली होती, त्यांचे स्वप्न साकार झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वर्गाने मात्र वाजवल्या नाहीत. तो वर्ग म्हणजे आंधळी माणसे. टाळ्या कशासाठी वाजताहेत तेच त्यांना ऐकू आले नव्हते. गाडी येऊन गेली तरी कळत नाही, ही तक्रार अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने लावून धरली. अखेर ४ जानेवारी २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कायद्यावर सही केली : शांत गाड्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी आवाज केला पाहिजे. ४ जानेवारी हा लुई ब्रेलचा जन्मदिवस. सही करणाऱ्याने मुहूर्त बघितला होता की नाही, मला माहीत नाही. पण याहून चांगला पंचांगातही निघाला नसता.

या कायद्याचे मर्म मला पुस्तकातून कळले नाही. ते आमच्या शाखेतल्या एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरांनी सांगितले. एके काळी बँकांमध्ये टेलिफोनच्या बोर्डावर अंध कर्मचारी असत. आमचे ऑपरेटरसाहेब त्यांतलेच. ‘हॅलो’च्या आधीच्या श्वासावरून ते सांगत की, फोन रीजनल ऑफिसचा आहे की थकबाकीदाराचा. (थकबाकीदाराचा श्वास शांत असायचा.) बोर्ड गेला, साहेब निवृत्त झाले, पण महिन्यातून एकदा पांढरी काठी टेकत पासबुक भरायला येतात आणि नोंदी माझ्याकडून वाचून घेतात. मध्ये आले तेव्हा काठी कोरी करकरीत दिसली.

“नवी घेतली वाटतं साहेब?”

“घेतली नाही, मिळाली,” ते म्हणाले. “परवा चौकात विजेची गाडी आली. आली म्हणजे काय, कवा आली तेच कळालं नाही. मला लागली नाही, काठीवरून गेली. पोरगं भलं होतं. उतरलं, पाया पडलं, नवी काठी आणून दिली. मी म्हटलं, बाबा, हॉर्न कामून नाही मारलास? तर म्हणतंय, काका, मारणार होतो, पण तुम्ही दचकून पडाल म्हणून नाही मारला.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“त्याचं बरोबरच होतं,” ते म्हणाले. “हॉर्न माझ्या काय कामाचा? हॉर्न म्हणतो, सरक. कुणाला म्हणतो ते सांगत नाही, कुणीकडं सरक तेही सांगत नाही. इंजिनाचं तसं नसतं. ते दुरूनच बोलत येतं. मी इथं आहे, एवढी मोठी आहे, हळू आहे, वळू लाले, थांबले. हॉर्न हुकूम सोडतो आणि इंजिन माहिती देतं. चाळीस वर्षं मी माहितीच्या जोरावर ह्या गावात एकटा हिंडलो. आता माहिती बंद झाली आणि हुकूम तेवढे वाढले. पोरगा म्हणतो, बाबा, एकटं बाहेर पडू नका. आता तुम्हीच सांगा, हे पासबुक भरायला मी कुणाला संगं आणू?”

पासबुकात त्या महिन्याच्या चारच नोंदी होत्या. मी त्या नेहमीपेक्षा सावकाश वाचल्या.

नंतर मी परदेशातले नियम शोधून पाहिले, तर ते जणू ऑपरेटरसाहेबांनीच लिहून दिल्यासारखे निघाले. जपानने २०१० मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०१६ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे ताशी १० किलोमीटरला गाडीचा आवाज किमान ५० डेसिबल आणि २० किलोमीटरला ५६ डेसिबल हवा. पण ७५ च्या वर जाता कामा नये. छप्पन्न डेसिबल म्हणजे दोन शहाण्या माणसांच्या बोलण्याइतका आवाज. वेग वाढला की सूर चढला पाहिजे आणि कमी झाला की उतरला पाहिजे. म्हणजे नुसत्या कानाने वेग कळला पाहिजे. युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि २०२१ पासून सगळ्या नव्या विजेच्या गाड्यांना ही सक्ती आहे. तिथल्या नियमात असेही आहे की, आवाज सलग हवा आणि तशाच इंजिनवाल्या गाडीशी मिळताजुळता हवा. थोडक्यात, गाडीला चाहूल बसवली पाहिजे.

आवाज गाडीसारखाच का, याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. टेस्ला कंपनीने गाडीबाहेर हवा तो आवाज वाजवायची सोय दिली होती. त्यात शेळीचे बेंबेंसुद्धा होते. त्या हौसेत कायद्याने सांगितलेला आवाज बुडतो, म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत ५ लाख ७८ हजारांवर गाड्यांतली ही सोय दुरुस्त करावी लागली. आमच्याकडे हे चाललेच नसते. इकडची उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे. गाडी बेंबें करत औसा रोडवर आली असती, तर रस्त्यातून बाजूला होणे दूरच, चार शेळ्या चौकशीला मागे धावल्या असत्या.

आपल्या सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. विजेवरच्या प्रवासी व मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि सध्याच्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ पासून चाहूल बसवावी, असे त्यात होते. उत्तम. पण मसुद्यातले वर्ग चार चाके आणि त्याहून मोठ्या गाड्यांचे. आमच्या गल्लीत येतात त्या विजेच्या स्कूटरी आणि ई-रिक्षा. ई-रिक्षाला तर कायद्यानेच ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे जी गाडी जन्मभर हळूच चालणार, दारापर्यंत येणार, तिचे नाव यादीत नाही.

आणि यादीत आले, तरी खात्याचा ताळेबंद जुळणार आहे का? एका बाजूला दोन शहाण्या माणसांचे बोलणे आणि दुसऱ्या बाजूला वजिराबादेतली संध्याकाळ. पावलांची चाहूल अंगणात लागते, जत्रेत लागत नाही. परदेशातल्या शांत रस्त्यावर छप्पन्न डेसिबल पुरतील. इथे गाडी कितीही इमानाने गुणगुणली, तरी मागचा मोटारसायकलवाला सिग्नल लाल असताना हॉर्नवर अंगठा ठेवून बसलेला असतो. त्याचा अंगठा उचलल्याशिवाय ऑपरेटरसाहेबांच्या खात्यावर काही जमा होणार नाही. हे यंत्र कुठल्या कारखान्यात बनते, ते अजून कळलेले नाही.

मात्र आमच्या कॉलनीतल्या एका ई-रिक्षावाल्या मामाने मसुद्याची वाट बघितलेली नाही. लोह्याकडचा माणूस. बैलजोडी विकून रिक्षा घेतली. बैल गेले, पण घुंगरमाळ त्याने खुंटीला ठेवली होती. ती आता रिक्षाच्या पुढच्या दांडीला बांधली आहे. खड्डा आला की जोरात वाजते, आणि आमच्या रस्त्याचे वर्णन मी वेगळे करायला नको. वेग वाढला की घुंगरांची लय वाढते, कमी झाला की संथ होते. नियमातली सगळी कलमे बसली.

गेल्या महिन्यात ऑपरेटरसाहेबांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो होतो. ते बोलता बोलता थांबले, कान टवकारले आणि म्हणाले, “बैलगाडी? इथं?”

मी काही सांगायच्या आत त्यांनी मान हलवली. “छे. खुरं वाजू नाही लालीत. रिक्षा आहे. रिकामी आहे, हलकी उडू लालीय. अजून वीस पावलं.”

मग हात वर करून ते मोठ्याने म्हणाले, “ए मामा, थांब रे!”

रिक्षा बरोबर त्यांच्या काठीपाशी येऊन थांबली. मामाने तीस रुपये सांगितले. साहेबांनी वीस म्हटले. मामा म्हणाला, “काका, घुंगराचे तरी पाच द्या.”

साहेबांनी दिले.